मुलाखत मैदानावर घ्यावी

महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक कोणी आणि कशाच्या आधारे निवडावा, हा प्रश्न महाराष्ट्रातील बहुतेक संस्थांमध्ये स्वतंत्रपणे विचारलाच जात नाही, कारण येथील पदांच्या रचनेत एका खेळाचा मुख्य प्रशिक्षक असे पद सहसा नसते. असतो तो शारीरिक शिक्षण संचालक. विद्यार्थी त्याला ‘जिमखान्याचे सर’ म्हणतात, आणि कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सर्व संघांच्या प्रवेशिका, निवड चाचण्या, प्रवासभत्ता व प्रमाणपत्रे यांचा भार त्याच्या एकट्याच्या माथी असतो. फुटबॉलसाठी वेगळा माणूस लागलाच, तर तो हंगामापुरता मानधनावर बोलावला जातो, आणि ही नेमणूक बहुधा सामन्यांचे वेळापत्रक हाती पडल्यावर ओळखीपाळखीतून उरकली जाते.

संचालकाच्या निवडीचे निकष मात्र काटेकोर आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार त्याला शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी आणि त्याखेरीज नेट, सेट किंवा पीएच.डी. अशी पात्रता लागते. स्वतः स्पर्धा खेळल्याची नोंदही पाहिली जाते, आणि ३० वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराला १२ मिनिटांत १,८०० मीटर अंतर काटावे लागते. उमेदवार किती शिकला आणि किती पळतो, हे यातून नेमके कळते. तो इतरांना खेळायला कसे शिकवतो, हे कळत नाही. प्रशिक्षणाची विद्या वेगळी आहे आणि तिच्या सनदाही वेगळ्या आहेत. पतियाळा येथे १९६१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका, जिला मैदानावर सर्रास ‘एनआयएस’ म्हणतात, ही त्यांतली जुनी व मान्यताप्राप्त सनद होय. फुटबॉलमध्ये तिच्या जोडीला परवान्यांची उतरंड आहे, जिची पहिली पायरी ‘डी’, त्यापुढे आशियाई महासंघाचे ‘सी’, ‘बी’, ‘ए’ आणि सर्वांत वर ‘प्रो’.

अमेरिकेत याच्या अगदी उलट स्थिती आहे. तेथील महाविद्यालयीन फुटबॉल, म्हणजे लंबगोल चेंडूचा हातांनी खेळला जाणारा खेळ, हा प्रचंड उलाढालीचा व्यवसाय असून अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर हा विद्यापीठाचा प्रशिक्षक असतो. अलाबामा विद्यापीठाला ६ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणारे निक सेबन जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या जागी केलन डीबोअर यांची नेमणूक दोनच दिवसांत झाली. पैशाचा तो डोलारा येथे कोणालाच नको आहे. परंतु प्रशिक्षकाची निवड हे संस्थेचे मोठे काम आहे, ही तेथील जाणीव मात्र घेण्याजोगी आहे.

घराजवळचे उदाहरण भारतीय फुटबॉल संघाचे आहे. २०२५ साली मुख्य प्रशिक्षकपदासाठी १७० अर्ज आले, आय. एम. विजयन यांच्या अध्यक्षतेखालील तांत्रिक समितीने त्यांतून तिघांची नावे पुढे केली, आणि १ ऑगस्टला राष्ट्रीय महासंघाच्या कार्यकारिणीने खालिद जमील यांची निवड केली. गोव्याचे सावियो मदेरा यांच्यानंतर सुमारे १३ वर्षांनी भारतीय माणूस या पदावर आला. जमील यांची जडणघडण मुंबईच्या मैदानांवरची; महिंद्र युनायटेडकडून ते खेळले, मुंबई एफसी हा बेताच्या साधनांचा संघ त्यांनी काही वर्षे सांभाळला, आणि २०१६-१७ मध्ये मिझोरामच्या आयझॉल संघाला आय-लीगचे अनपेक्षित विजेतेपद मिळवून दिले. नेमणुकीनंतर जेमतेम सव्वा महिन्यात भारत मध्य आशियाई स्पर्धेत तिसरा आला, आणि ऑक्टोबरमध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरकडून हरून आशियाई चषकाच्या पात्रतेतून बाहेर पडला. दोन-अडीच महिन्यांत एकाच माणसाच्या वाट्याला दोन्ही आले, यावरून निव्वळ निकालांवर प्रशिक्षक जोखणे किती फसवे असते ते दिसते.

मग जोखावे कशावर? नाशिकमधील अंबडसारख्या ठिकाणी या प्रश्नाला वेगळे वजन येते. औद्योगिक वसाहत आणि तिला लागून असलेली सिडकोची वस्ती यांतील कामगार कुटुंबांची मुले येथील महाविद्यालयांत येतात. त्यांतली काही स्वतःही कारखान्यात पाळीला जातात. रात्रपाळी करून आलेल्या मुलाला सकाळी सहाला उपाशीपोटी मैदानाला फेऱ्या मारायला लावणारा प्रशिक्षक, त्याच्याकडे कितीही वरचा परवाना असला, तरी त्या मुलाचे नुकसानच करतो.

म्हणून उमेदवाराची खरी मुलाखत मैदानावर घ्यावी. त्याला १८ विद्यार्थी, ८ चेंडू, थोडे कोन आणि ४० मिनिटे द्यावीत, आणि निवड समितीने कडेला उभे राहून पाहावे. समजा, उमेदवाराने मुलांच्या दोन रांगा लावून गोलवर फटके मारायला सांगितले. एका फटक्याला १५ सेकंद धरले, तर ९ जणांच्या रांगेत प्रत्येकाची पाळी सव्वादोन मिनिटांनी येते, आणि २० मिनिटांच्या सरावात मुलाचा पाय चेंडूला जेमतेम ९ वेळा लागतो. उरलेला वेळ तो कमरेवर हात ठेवून उभा असतो. दुसऱ्याने त्याच १८ जणांचे तिघातिघांचे ६ गट करून ३ छोटी मैदाने आखली, तर चेंडू सहाच जणांत फिरतो आणि पास देणे, जागा शोधणे, चेंडू हिसकावणे हे सारे प्रत्येकाला सतत करावे लागते. चूक झाली की उमेदवार ओरडतो, की खेळ थांबवून खेळाडूला जागेवर उभा करून दाखवतो, आणि सर्वांत कच्च्या मुलाशी किती वेळा बोलतो, हेही तेथेच दिसते. शेवटी एक प्रश्न विचारावा: संघ एका गोलने मागे आहे, १० मिनिटे उरली आहेत आणि मुख्य आघाडीपटूच्या डोक्याला मार लागून तो डगमगतो आहे, तर काय कराल? त्याला तत्काळ बाहेर काढण्याखेरीज दुसरे उत्तर येत असेल, तर बाकीचे गुण कितीही असोत, ते नाव मागे पडले पाहिजे.

असा डोळस माणूस काय करू शकतो, हे नाशिकने पाहिले आहे. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे धावण्याचे प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली हरसूल परिसरातील सावरपाड्याची कविता राऊत तयार झाली, आणि २०१० साली तिने १०,००० मीटर शर्यतीत दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य व ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य पदक मिळवले. ती घडण एका हंगामाची नव्हती. महाविद्यालयात तर पदवीच्या तीन-चार वर्षांत संघ पुरता बदलतो, त्यामुळे प्रशिक्षकाची नेमणूक किमान तीन वर्षांची असावी, ती सत्राच्या आरंभी व्हावी, आणि जाणाऱ्या प्रशिक्षकाने आपली वही येणाऱ्याच्या हाती द्यावी, ज्यात कोणाचा गुडघा दुखावलेला आहे, कोण डाव्या पायाने खेळतो आणि कोण या आठवड्यात रात्रपाळीला आहे, हे लिहिलेले असेल.