ॲप बनवून घेताना आतली जोडणीही विचारा

शहापूर किंवा मुरबाडचा व्यापारी मालाची ऑर्डर घेणारे मोबाईल ॲप बनवून घेतो, तेव्हा रंगरूप आणि किंमत पाहतो. आतली जोडणी तो विचारीत नाही. पुढचा खर्च मात्र बऱ्याचदा तिथूनच निघतो.

ऑर्डर घेणाऱ्या भागाला पैसे स्वीकारणारी सेवा लागते. ती त्याच्या पोटातच पक्की बांधली, तर उद्या पेमेंट कंपनी बदलताना जागोजागी कोड उसवावा लागतो. तीच बाहेरून हाती दिली, तर एका जागी बदल पुरतो. या पद्धतीस 'डिपेंडन्सी इंजेक्शन' म्हणतात. मार्टिन फाउलर यांच्या २००४ च्या लेखापासून हे नाव रूढ झाले.

आणखी एक फायदा आहे. माळशेज घाटाकडे जाताना रेंज गेली, तर ऑर्डर हरवेल का? खऱ्या सेवेच्या जागी बंद पडलेली नकली सेवा देऊन हे ऑफिसात बसूनही तपासता येते.

अँड्रॉइडवर तीन मार्ग प्रचलित आहेत. सुताराच्या कारखान्याचे उदाहरण घेऊ.

पहिला, हाताने देणे. मिस्त्री स्वतः प्रत्येक कारागिराच्या हाती हत्यार देतो. चार-पाच पडद्यांच्या लहान ॲपला हे पुरते. काम वाढले की मिस्त्री थकतो.

दुसरा, 'हिल्ट'. गुगलने २०२० मध्ये 'डॅगर' या जुन्या साधनावर तो उभा केला. येथे भांडारपाल काम सुरू होण्यापूर्वीच यादी तपासतो. हत्यार कमी असेल, तर ॲप तयारच होत नाही. शिकायला अवघड, तयार व्हायला वेळ जास्त. पण चूक ग्राहकापर्यंत जाण्याआधी सापडते.

तिसरा, कोटलिन भाषेसाठीचा 'कोइन'. कारागीर गरज पडेल तेव्हा भांडारात मागतो. लिहायला सोपा, आणि आयफोनसाठीही त्याच कोडचा वाटा वापरता येतो. मात्र वेगळी चाचणी घेतली नाही, तर उणीव चालू कामात उघडी पडते आणि ग्राहकाच्या हातात ॲप बंद पडते.

म्हणून ॲडव्हान्स देण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : जोडणी कोणत्या मार्गाने होणार, पेमेंट सेवा बदलल्यास किती ठिकाणी हात लावावा लागेल, आणि रेंज नसतानाची चाचणी झाली का. लहान दुकानाला पहिला मार्ग पुरे. धंदा वाढणार असेल, तर दुसरा किंवा चाचणीसह तिसरा निवडावा. सरळ उत्तर न देणाऱ्यास काम देण्याची घाई करू नये.