गुरू मागे, चेला पुढे



मागच्या आठवड्यात केडगावजवळ एका गुऱ्हाळावर बसलो होतो. काहील उतरायला अवकाश होता. ऊस घालायला आलेले एक आप्पा शेजारी टेकले आणि म्हणाले, "सायेब, पोरगी एमेस्सी झाली. आता कालेजात शिकवायचं म्हणती. तिथं बायामाणसाला घेत्यात का?" हा प्रश्न तुमच्याही ओसरीवर आला असेल, म्हणून त्यांना सांगितले तेच इथे सांगतो.

आपल्या देशात महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत शिकवणारे सुमारे १६ लाख लोक आहेत. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीप्रमाणे त्यांतल्या दर शंभरात ४३ स्त्रिया. आता जपान पाहा. भाताची लावणीसुद्धा यंत्राने करणारा हा देश, मुलीही तिथे भरपूर शिकतात. पण कॉलेजात शिकवणाऱ्या स्त्रिया शंभरात तिसाच्या आसपास! श्रीमंत देशांच्या यादीत या बाबतीत जपान अगदी तळाला आहे.

गंमत अशी की, हा धडा आपण जपानकडूनच घेतला होता. टोकियोत १९०१ साली महिला विद्यापीठ निघाले. त्याची माहिती देणारी एक पुस्तिका महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती पडली. अण्णा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवीत; निवृत्तीनंतर १९१६ साली त्यांनी पुण्याजवळ हिंगण्याला तसेच विद्यापीठ सुरू केले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, नाथीबाईंचे, नाव लागले. तेच आजचे एस.एन.डी.टी.

मग गुरूच मागे का राहिला? तिथे कामाचे तास लांबलचक, आणि मूल झाले की बाईने नोकरी सोडायची, ही रीत फार दिवस चालली. टोकियोतल्या एका वैद्यकीय विद्यापीठात तर मुलींचे प्रवेश परीक्षेतले गुण मुद्दाम कमी केले जात होते. २०१८ साली ते उघड झाले.

पण आपणही मिशीला पीळ देऊ नये. केरळात स्त्रिया निम्म्याहून जास्त, तर बिहारमध्ये फारच कमी. शिवाय वरच्या प्राध्यापकपदावर पाहिले की बायकांचा आकडा सगळीकडेच गळतो. मी बी.एस्सी. ॲग्री केले तेव्हा आम्हाला शिकवायला एकही बाई नव्हती. माती परीक्षण बाई शिकवू शकेल, हे आमच्या डोक्यातही आले नव्हते!

आता कामाचे. सहाय्यक प्राध्यापक व्हायचे तर पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना ५ टक्के सवलत. पुढे नेट किंवा सेट परीक्षा, नाहीतर पीएच.डी. आपल्या राज्याची सेट पुणे विद्यापीठ घेते. या पात्रतेला वयाची वरची अट नाही. म्हणजे लग्न झालेली, लेकुरवाळी मुलगीसुद्धा बसू शकते. सासरच्यांनी अभ्यासाला दोन तास मोकळे दिले पाहिजेत, इतकेच. एक कडू गोष्टही सांगतो. कायम जागा थोड्या निघतात. बरेच जण तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, अशी वर्षे काढतात. हे मुलीला आधी माहीत असावे.

आप्पा बराच वेळ चुलवाणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "दौंडावरनं पुण्याला सकाळची गाडी हाय. मी सोडीन तिला ठेसनावर. त्या परीक्षेचा फारम कुठं मिळतो, तेवढं लिहून द्या."