तलावाची फेरी : भूगोलाचा एक पाठ

भूगोलाच्या तासाला 'धरण' हा शब्द आला की पुष्कळ वर्गांत एक व्याख्या फळ्यावर लिहिली जाते, मुले ती वहीत उतरवून घेतात आणि पाठ संपतो. परंतु पाणी कोठून आले, ते का अडविले आणि कोणी काय सोडले म्हणून ते अडविता आले, याचे चित्र मुलांच्या मनात उभे राहत नाही. याकरिता काल्पनिक सहलीची पद्धत फार उपयोगी पडते. फळ्यावर नकाशा काढावा व त्यावरील वाटेने मुलांना मनाने चालवावे. नमुन्यादाखल इंग्लंडमधील बरेटर जलाशयाची फेरी येथे दिली आहे. ही वाट सोपी व सुमारे सहा किलोमीटरांची असून जेथून निघावे तेथेच परत येते. म्हणून ती मुलांच्या सहज ध्यानात राहते.

प्रथम प्रदेशाची ओळख करून द्यावी. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचा ग्रॅनाइट खडकाचा उंच माळ आहे. झाडे विरळ, गवत व झुडपे फार. सखल जागी अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा जाड थर साचलेला असतो. त्यास पीट म्हणतात. भिजलेल्या गोणपाटाप्रमाणे तो पावसाचे पाणी धरून ठेवतो. या माळावर उगम पावणाऱ्या मेव्ही नदीवर हा जलाशय आहे.

पहिला थांबा, मुख्य धरण. प्लिमथ शहराच्या पाण्यासाठी हे धरण १८९३ ते १८९८ या काळात बांधले गेले. तत्पूर्वी तीनशे वर्षे शहराला पाणी मिळे ते सर फ्रान्सिस ड्रेक यांनी १५९१ मध्ये आणलेल्या सुमारे २८ किलोमीटर लांबीच्या उघड्या पाटाने. मग धरण कशाला हवे, असे मुलांना विचारावे व थोडा वेळ थांबावे. १८९१ च्या मार्चमध्ये मोठे हिमवादळ झाले, पाट बर्फाने भरून गेला आणि शहराचे पाणी तुटले. पाट पाणी वाहून आणतो, साठवीत नाही, हा भेद येथे स्पष्ट होतो.

दुसरा थांबा, मातीचे धरण. एका नदीला दोन धरणे का? दरीच्या कडेला एक खिंडवजा सखल जागा होती. पाणी चढले असते तर तेथून निसटले असते. म्हणून तीही बंद करावी लागली. परातीत चिखलाची दरी करून तीत पाणी ओतावे. पाणी सर्वांत सखल कडेवरून बाहेर पडते, हे मुले स्वतःच पाहतील.

तिसरा थांबा, काठावरील लाँगस्टोन येथील पडक्या घराचे अवशेष. १९२३ ते १९२८ या काळात धरणाची उंची सुमारे तीन मीटरांनी वाढविण्यात आली. पाणी शुद्ध राहावे म्हणून पाणलोटातील शेतघरेही रिकामी करण्यात आली.

एका शाळाभेटीत मी हा पाठ मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. गुरुजी पुढच्या थांब्याकडे वळले, तोच पुनर्वसित गावठाणातील एका मुलीने विचारले, "गुरुजी, त्या घरातली माणसं कुठं गेली?" उत्तर टाचणात नव्हते. गुरुजी पुढे गेले आणि मीही काही बोललो नाही. ती चूक जितकी त्यांची तितकीच माझी. मात्र पुढील आठवड्यात गुरुजींनी त्या मुलीच्या आजोबांना वर्गात बोलाविले. त्यांनी बुडालेल्या गावातील पार, विहीर व शाळा खडूने फळ्यावर काढून दाखविली. त्या दिवशी त्या वर्गाला धरण समजले.

चौथा थांबा, नदी जलाशयात शिरते ती जागा. तेथून पश्चिमेच्या काठाने परतताना १७९० च्या दशकात डेव्हनपोर्ट गावासाठी काढलेला दुसरा जुना पाट लागतो. आज त्याचे पाणी याच जलाशयात सोडले जाते. फेरी पुन्हा मुख्य धरणाशी पूर्ण होते.

यानंतर मुलांना आपल्या गावच्या पाझर तलावाकडे वा बंधाऱ्याकडे प्रत्यक्ष न्यावे. पालकांना आधी कळवावे. निघताना, प्रत्येक थांब्यावर व परतल्यावर मुले मोजावीत. एक शिक्षक पुढे व एक मागे असावा. कोणीही पाण्यात उतरू नये. बांधाच्या ओल्या दगडांवर किंवा वाहत्या सांडव्यावर कोणासही जाऊ देऊ नये. पूर्ण फेरीची वाट नसेल, तर काठाने सुरक्षितपणे जाता येईल तेवढेच जावे. पाणी कोठून येते, कोठे अडते, कोठून निसटते व कोणाकडे जाते, हे चार प्रश्न पाटीवर लिहून न्यावेत.

पाचवा प्रश्न लिहून नेण्याची आवश्यकता नाही. उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते. तसा तो प्रश्न एखाद्या मुलाच्या तोंडून आपोआप वर येईल. तो आला म्हणजे पाठ थांबवावा आणि त्याचे उत्तर द्यावे. स्वतःस ठाऊक नसेल, तर ज्याला ठाऊक आहे त्याला वर्गात बोलवावे.