गळलेला वायू जातो कोठे?

(लेखांक पाचवा)

गेल्या लेखांकात आपण पाहिले, की नैसर्गिक वायू उणे 162 अंश सेल्सियसपर्यंत थंड केला असता त्याचे द्रव बनते आणि त्याचे आकारमान सुमारे सहाशेपटीने घटते. हे द्रव टाकीत राहते ते मुख्यतः थंडीच्या बळावर, आणि त्याची वाफ हवेत साधारणतः पाच ते पंधरा टक्के मिसळली तरच ती पेट घेते. ही माहिती दिलासा देणारी खरी. तथापि, केवळ तिच्यावर विसंबून अशा प्रकल्पाच्या धोक्याचे मूल्यमापन करू पाहणाऱ्याने अमेरिकेतील क्लीव्हलंड शहराचा 1944 सालचा वृत्तान्त आधी मुळापासून वाचावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

तेथील ईस्ट ओहायो गॅस कंपनीच्या आवारात तीन गोलाकार टाक्या 1941 पासून चालू होत्या, आणि युद्धकाळातील वाढती मागणी भागविण्यासाठी त्यांच्या शेजारी चौथी, दंडगोलाकार टाकी उभारण्यात आली होती. तिचे आतले कवच साडेतीन टक्के निकेलच्या पोलादाचे होते, आणि असे पोलाद त्या थंडीत काचेसारखे ठिसूळ बनते, याची पुरती जाण त्या काळी कोणास नव्हती. 20 ऑक्टोबर रोजी दुपारी ही टाकी फुटली. तिच्यातील द्रव आवारात न थांबता उताराने रस्त्यावर आले आणि पावसाळी गटारांत शिरले. तेथे त्याची वाफ होऊन ती हवेत मिसळली आणि पेटली, तेव्हा रस्त्यांवरील लोखंडी झाकणे उडाली व लगतच्या स्लोव्हेनियन कामगारवस्तीतील घरांच्या तळघरांतून ज्वाळा वर आल्या. सुमारे वीस मिनिटांनी एका गोल टाकीचे आधारखांब तापून खचले आणि तीही कोसळली. सुमारे 130 माणसे प्राणास मुकली.

पुढे चर्चा झाली ती बहुतांशी धातूची, आणि आज अशा टाक्यांना नऊ टक्के निकेलचे पोलाद सर्रास वापरतात, हे योग्यच झाले. परंतु माझ्या मते टाकी फुटली हा धातूचा दोष असला, तरी एवढी माणसे मेली याचे कारण वस्तीला खेटून निवडलेली जागा, द्रव अडविण्यास समर्थ अशा बांधाचा अभाव आणि उघडी राहिलेली गटारांची तोंडे, हे होते. गळतीची संभाव्यता कितीही सूक्ष्म गणिताने काढली, तरी गळलेला माल कोणत्या वाटेने जाईल, हे नकाशावर बोट ठेवून सांगता येत नसेल, तर ते मूल्यमापन अपुरे समजावे. मेरिलँडमधील कोव्ह पॉइंट येथे 1979 साली पंपाच्या विद्युत्‌जोडणीच्या सीलमधून झिरपलेला वायू तारांच्या भूमिगत नळीतून सुमारे साठ मीटर दूर असलेल्या विद्युत्‌घरात पोहोचला. तेथे वायू येईल अशी कल्पनाच कोणी केली नसल्यामुळे त्याची सूचना देणारे यंत्र तेथे नव्हते, आणि स्विचच्या ठिणगीने एका कर्मचाऱ्याचा बळी घेतला.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळ येथे असा वायू जहाजाने उतरविला जातो, म्हणून कोकणातील वाचकाला एक बारकावा सांगणे मी कर्तव्य समजतो. टाकीभोवती किंवा गळती साठविण्याच्या खड्ड्याभोवती बांध घातला, की त्यात पावसाचे पाणी साचणारच. ते काढले नाही तर खड्ड्याची धारणशक्ती घटते, शिवाय पाण्याच्या उष्णतेने गळलेल्या द्रवाची वाफ अधिक वेगाने होते. म्हणून तेथे उपसापंप बसवितात; मात्र गळतीच्या वेळी तोच पंप चालू राहिला, तर बांधाने अडविलेले द्रव तो स्वतःच नाल्यात नेऊन सोडील. ह्यासाठी खड्ड्यात थंडी ओळखणारे उपकरण ठेवून, तपमान उतरताच पंप आपोआप बंद पडेल, अशी व्यवस्था करावी लागते. कोणत्याही प्रकल्पाची तपासणी करणाऱ्या अंमलदाराने टाकीच्या जाडीचे दाखले पाहण्याबरोबरच ह्या पंपाच्या चाचणीचे दप्तर मागावे, शेवटची चाचणी कोणत्या तारखेस झाली ते पाहावे, आणि शक्य तर ती आपल्यासमक्ष, पावसाळ्यापूर्वी, पुन्हा करवून घ्यावी.