बी.एस्सी. नर्सिंग : चार वर्षं शिकवतात तरी काय?

बारावीचा निकाल लागला की निपाणी, चिकोडी, खानापूर भागातल्या घराघरांत नर्सिंगचा विषय निघतो, आणि बहुधा तडजोड म्हणूनच निघतो. ‘नीट’ला गुण कमी पडले, मग निदान नर्सिंगला तरी घालू. या ‘निदान’मागे एक पक्की समजूत असते : इंजेक्शन टोचणं, सलाईन लावणं, ड्रेसिंग करणं आणि डॉक्टर सांगतील ते ऐकणं एवढंच तर काम आहे. तसं असेल तर सहा महिने पुरेत, चार वर्षं कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं की सिस्टरचे हात सगळ्यांना दिसतात, पण हात चालवायचा की थांबवायचा हे ती ज्याच्या जोरावर ठरवते ते ज्ञान कुणाला दिसत नाही. पदवीची बहुतेक वर्षं या न दिसणाऱ्या भागावर खर्च होतात.

भारतीय परिचर्या परिषदेचा सुधारित अभ्यासक्रम २०२१ साली अधिसूचित झाला. त्यात आठ सत्रं आहेत आणि प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय लागतात. सुरुवातीला शरीररचना आणि शरीरक्रिया यांच्या जोडीला समाजशास्त्र आणि मानसशास्त्र असतं. पुढे जीवरसायन, आहारशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र येतं. औषधशास्त्र आणि विकृतिशास्त्र तर दोन-दोन सत्रं चालतात. त्यानंतर प्रौढ, बालक, मनोरुग्ण, बाळंतीण आणि समाज अशा एकेका शाखेची शुश्रूषा, शिवाय कायदे, व्यवस्थापन, संशोधन आणि संख्याशास्त्र. आठवं सत्र सर्वस्वी इंटर्नशिपचं. ‘नुसतं सलाईन लावणं’ म्हणतात त्यातही हिशेब असतो. ५०० मिली सलाईन ८ तासांत द्यायचं आहे. साध्या सेटमधून १ मिलीचे २० थेंब पडत असतील तर मिनिटाला २१ थेंब ठेवावे लागतात. मायक्रो सेटमधून १ मिलीचे ६० थेंब पडतात, म्हणून तिथे ६३. सेट साधा लावून थेंब ६३ ठेवले तर ८ तासांचं पाणी पावणेतीन तासांच्या आतच अंगात जाईल, आणि रुग्णाचं हृदय कमकुवत असेल तर त्याच्या फुप्फुसात पाणी साचू शकेल. शीर सापडणं ही हातोटी झाली, ती सरावाने येते. हा हिशेब आणि त्यामागचं शरीरशास्त्र शिकावं लागतं.

यावर कुणी म्हणेल, शेवटी ठरवतात ते डॉक्टरच. रोगाचं निदान आणि औषधयोजना डॉक्टरांची, हे खरंच आहे. पण डॉक्टर राउंडला येतात आणि जातात. वॉर्डात तिन्ही पाळ्यांत माणूस असतो तो नर्सच. हृदयरोग्याला डिगॉक्सिनची गोळी लिहून दिलेली असते. ती देण्याआधी पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची आणि प्रौढ रुग्णाचे ठोके ६०च्या खाली असतील तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं, हे नर्सला शिकवलेलं असतं. लिहिलेली गोळी मुकाट्याने देणारी इथे चुकते आणि थांबणारी रुग्णाला वाचवते. सांगितलेलं करतानासुद्धा ते कधी करू नये हे कळावं लागतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : जीएनएम झालेल्या सिस्टरही तेच काम करतात, मग पदवीने काय वेगळं होतं? जीएनएम हा तीन वर्षांचा मान्यताप्राप्त डिप्लोमा आहे, त्याला कमी लेखायचं कारण नाही. दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून त्याचीही पदवी होते. मात्र पदवीचा परिणाम मोजला गेला आहे. २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या, युरोपातल्या ९ देशांतल्या ३०० रुग्णालयांच्या अभ्यासात दिसलं की पदवीधर नर्सचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी होती. प्रत्येक नर्सवर एक रुग्ण वाढला की ती तेवढीच वाढत होती. युरोपचे आकडे जसेच्या तसे इकडे लागू होणार नाहीत. पण शिक्षण आणि मनुष्यबळ या दोन्हींचा संबंध रुग्णाच्या जिवाशी आहे, एवढं त्यातून निघतं. खरा फरक करायचा तो मान्यताप्राप्त शिक्षण आणि सहा महिन्यांची प्रमाणपत्रं यांत. अशा प्रमाणपत्रावर नर्स म्हणून नोंदणी होत नाही.

सीमाभागात आणखी दोन शंका हमखास निघतात. एक, बेळगावात शिकलो तर महाराष्ट्रात चालेल का? अभ्यासक्रमाचा आराखडा देशभर एकच आहे, शिकवण्याचं माध्यम इंग्रजी आहे आणि कर्नाटकातल्या कौन्सिलची नोंदणी रीतसर अर्ज करून महाराष्ट्रात नेता येते. दुसरी, कन्नड कच्चं असेल तर? पुस्तकाला अडणार नाही, रुग्णाशी बोलताना अडेल. बेळगावच्या केएलईच्या प्रभाकर कोरे रुग्णालयात काय किंवा बिम्सच्या सरकारी दवाखान्यात काय, एका खाटेवर मराठी बोलणारा आणि शेजारच्या खाटेवर कन्नड बोलणारा असायचाच. रुग्णाची हकिगत घेणं आणि घरी गेल्यावर काय पाळायचं ते समजावणं हा पदवीतल्या शिक्षणाचाच भाग आहे. दोन्ही भाषा बोलणारी सीमाभागातली मुलगी तिथे एक पाऊल पुढेच असते. मुलगाही असतोच : अभ्यासक्रम दोघांना एकच, प्रसूतिशास्त्रासकट.

नर्स म्हणजे दवाखाना, ही समजूतही अपुरी आहे. सामुदायिक आरोग्य हा विषय विद्यार्थ्यांना वस्तीत नेतो. निपाणीत विडी वळणाऱ्या बाईच्या घरी गेलं की बघायचं असतं ते असं : मांडीवर सूप, त्यात पाला आणि तंबाखू, तासन्‌तास वाकलेली पाठ, खोलीला खिडकी आहे की नाही, पाळण्यातलं पोर तंबाखूच्या धुळीपासून किती अंतरावर आहे. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर थुंकी तपासायला पाठवायचं, पापणी ओढून पांढुरकेपणा बघायचा, रक्तदाब मोजायचा. आयुष्मान आरोग्य मंदिरांत समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून नर्सिंगचे पदवीधर नेमले जातात ते याच तयारीवर. तिथे डॉक्टर रोज बसत नाहीत. कुणाला पुढे पाठवायचं हे त्या अधिकाऱ्यालाच ठरवावं लागतं.

राहिला पगार. ‘एवढं शिकून हातात काय पडतं?’ हे गाऱ्हाणं खोटं नाही. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने शिफारस केली की ५० खाटांपेक्षा लहान खासगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान २०,००० रुपये आणि २००हून अधिक खाटांच्या रुग्णालयात सरकारी नर्सइतकं वेतन मिळावं. शिफारस करावी लागली यातच परिस्थिती कळते. पण कमी पगार हा शिक्षण हलकं असल्याचा पुरावा ठरत नाही; काम हलकं समजण्याची सवय पगारातही उतरते, इतकंच. म्हणून प्रवेश घेताना फी आणि वसतिगृह यांच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात : राज्य कौन्सिलची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता आहे का, प्रात्यक्षिकाचं रुग्णालय किती खाटांचं आहे आणि त्या खाटांवर रुग्ण असतात का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर पुस्तकं पाठ होतील, पण निर्णय घ्यायला शिकायचं राहून जाईल.