गरज ज्याची, यंत्र त्याचं

आपल्या मनमाडला लागूनच असलेल्या मालेगाव तालुक्यातले कमलेश घुमरे 'शार्क टँक इंडिया'च्या पहिल्या पर्वात (२०२१-२२) फवारणीची ढकलगाडी घेऊन गेले. या टीव्ही कार्यक्रमातले गुंतवणूकदार पीयूष बन्सल यांनी १० लाख रुपये गुंतवले, वर २० लाखांचं बिनव्याजी कर्ज देऊ केलं. गाडीत अवघड तंत्रज्ञान नव्हतं. पाठीवरच्या पंपात साधारण १६ लिटर औषध मावतं. ते ओझं खांद्यावर घेऊन शेतकरी दिवसभर फिरतो आणि फवारा त्याच्याच अंगावर उडतो. टाकी चाकांवर ठेवली की हे ओझं उतरतं. असं आधी सुचतं ते वापरणाऱ्यालाच. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक एरिक फॉन हिपेल यांनी अनेक क्षेत्रांत हेच दाखवून दिलं. माउंटन बाइकसुद्धा आधी कॅलिफोर्नियातल्या हौशी सायकलस्वारांनी घडवली, मोठ्या कंपन्या नंतर आल्या.

जुगाड म्हणजे उत्पादन नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. एक गाडी जोडणं वेगळं. शंभर एकसारख्या गाड्या, सुटे भाग आणि दुरुस्ती पुरवणं वेगळं. त्यासाठी भांडवल आणि कारखानदार लागतातच, पण म्हणून कल्पनेचा मालक बदलायचं कारण नाही. नक्कल होईल ही भीतीही खरी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडलेलं एचएमटी भाताचं वाण दूरवर पोचलं, त्यांची गरिबी मात्र हटली नाही. म्हणून कळकळीने सांगतो: प्रदर्शनात किंवा यूट्यूबवर यंत्र दाखवण्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज करा. पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. तेवढ्यात चार शेतकऱ्यांच्या हाती यंत्र देऊन उणिवा दूर करा आणि मगच भागीदार शोधा.