मोटारसायकलवरील लिथियम बॅटरी आणि अतिभारण

मोटारसायकलच्या आसनाखाली शिशाची जड बॅटरी असावयाची, तीत गंधकाम्ल असावयाचे आणि अधूनमधून ऊर्ध्वपातित पाणी घालावे लागावयाचे, हे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते याने १८५९ साली शिशाचा संचायक तयार केला; त्यानंतर दीड शतक त्याचे स्थान अढळ राहिले. अलीकडे मात्र पुष्कळ हौशी लोक ही बॅटरी काढून तिच्या जागी लिथियमची बसवू लागले आहेत. तिचे वजन सुमारे एक-तृतीयांश असते आणि ती महिनोन्महिने पडून राहिली तरी फारशी उतरत नाही. जागा तीच, तारा त्याच, सेल्फही जोमाने फिरतो. मग बिघडते कोठे? ते कळण्यासाठी ही बॅटरी भरते कशी हे पाहावयास हवे.

इंजिनाच्या दंडाबरोबर एक लहानसे जनित्र फिरत असते. कारागीर त्यास मॅग्नेटो म्हणतात. इंजिनाची गती वाढली की त्याचा विद्युद्दाबही वाढतो. तो १४ व्होल्टच्या आसपास रोखून धरणे हे रेग्युलेटरचे काम. पुष्कळ गाड्यांत तो जादा विजेला आडवाटेने परत फिरवितो आणि त्या खटाटोपात स्वतः चांगलाच तापतो. त्याच्या पाठीवर धातूचे पंख असतात ते याचसाठी. उष्णता, हादरे आणि पावसाच्या पाण्याने गंजलेले जोड यांमुळे तो कधीतरी निकामी होतो. मग दाब १६-१७ व्होल्टपर्यंत किंवा त्याहूनही वर चढू शकतो.

असा प्रसंग शिशाची बॅटरी बऱ्याच अंशी सोसते. तिचे पत्रे पूर्ण भारित झाले की पुढचा प्रवाह पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन या वायूंत पृथक्करण करण्यात खर्ची पडतो. पाणी आटते, बॅटरी तापते. नुकसान होते खरे, पण ते हळूहळू. म्हणजे पाणी हीच तिची सुरक्षा-झडप म्हणावयास हरकत नाही.

लिथियम बॅटरीत पाणी नसतेच. तिच्यातील द्रव कार्बनी विद्रावकांचा असून तो ज्वालाग्राही असतो. भारण होताना लिथियमचे आयन धनाग्रातून निघून ऋणाग्राच्या ग्रॅफाइटमध्ये शिरतात. मोटारसायकलींच्या अशा बॅटऱ्यांत धनाग्र सामान्यतः लिथियम लोह फॉस्फेटचे असते. हा पदार्थ १९९७ साली टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आला, आणि त्या संशोधनात अक्षय पाधी व नंजुंडस्वामी या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांचा प्रमुख वाटा होता. भ्रमणध्वनीच्या बॅटरीत वापरले जाणारे कोबाल्ट ऑक्साइड अतिभारणाने ढासळून ऑक्सिजन सोडते. फॉस्फेटातील ऑक्सिजन घट्ट बांधलेला असल्यामुळे ते पुष्कळच सुरक्षित असते. परंतु सुरक्षित म्हणजे अभेद्य नव्हे. धनाग्रातील जवळजवळ सर्व लिथियम निघून गेल्यावरही प्रवाह रेटीत राहिले, तर त्या द्रवाचेच विघटन होते, वायू साठतो, घट फुगतो व तापतो. आणि हे सारे घडते ते पेट्रोलच्या टाकीपासून हातभर अंतरावर!

येथे एक बाब सहसा लक्षात येत नाही. बॅटरीत चार घट एकामागे एक जोडलेले असतात. पूर्ण भारित घटाचा दाब सुमारे ३.६ व्होल्ट, म्हणून चारांचा १४.४. आता समजा, तीन घट ३.४ व्होल्टवरच आहेत. त्यांची बेरीज १०.२ झाली. बाहेरून १४.४ चा दाब मिळत असेल, तर चौथ्या घटाच्या वाट्यास ४.२ व्होल्ट येतात! मापकावर सर्व ठीक दिसते, आणि आत एक घट मरत असतो. भारण पूर्ण होत आले की या घटाचा दाब एकाएकी उसळतो. त्यामुळे थोडासा असमतोलही महाग पडतो. म्हणून चारी घटांवर स्वतंत्र लक्ष ठेवणारे संरक्षक मंडल, ज्यास बाजारात बी.एम.एस. म्हणतात, ते जीत आहे अशीच बॅटरी घ्यावी. दाब मर्यादेबाहेर गेला की हे मंडल बॅटरीस तोडून अलग करते. बॅटरी वाचते, पण मग गाडीतील दिव्यांवर तो बेलगाम दाब जसाच्या तसा कोसळतो. तेव्हा मंडल असले तरी रेग्युलेटर निर्दोष हवाच.

त्याची परीक्षा सोपी आहे. मल्टिमीटरची टोके बॅटरीच्या टोकांवर ठेवून इंजिन प्रथम मंद व नंतर मिनिटास सुमारे ५,००० फेऱ्यांवर चालवावे. दाब १४.६ व्होल्टच्या वर जाऊ नये. १५ दिसल्यास इंजिन तत्काळ बंद करावे. हे नवी बॅटरी बसविण्यापूर्वी करावे, आणि पावसाळा संपल्यावर रेग्युलेटरचे जोड पुसून पुन्हा करावे. घरी भारण करताना शिशाच्या बॅटरीचा चार्जर वापरू नये, कारण त्यांपैकी काही पत्र्यांवरील सल्फेट झाडण्यासाठी १५ व्होल्टहून अधिक दाब देतात.

बॅटरीचे आवरण फुगलेले दिसले, तर ती पुन्हा भारित करू नये, दाबू नये, टोचू तर मुळीच नये. ती उघड्यावर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावी व विक्रेत्यामार्फत परत करावी. भारतातील २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.